चिकन सेंटरचं छोटं प्रक्रिया युनिट करायचंय, अनुदानाची फाइल परत आली. काय चुकलं?

बोरीकाठ, ९ जून २०२५

मंडळी, नमस्कार. अमळनेर–धुळे रस्त्यावर आमचं चिकन सेंटर आहे. वडील बाजाराच्या दिवशी सायकलला टोपली बांधून कोंबड्या विकायचे. तिथून हे दुकान उभं राहिलं. आज रोजचे साठ-सत्तर पक्षी जातात, रविवारी दीडशेच्या घरात. दोन ढाबे आणि एक खानावळ कायमची गिऱ्हाईकं आहेत. आता धुळ्याची दोन हॉटेलं साफ केलेला, थंड केलेला, पिशवीबंद माल रोज मागतायत. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण दुकान आहे दहा बाय बाराचं. पाणी तापवायचं पातेलं, पिसं काढायचं एक जुनं मशीन, चिंचेचा ओंडका आणि एक डीप फ्रीज. एवढ्यावर हॉटेलचा माल निघत नाही.

म्हणून दुकानामागची स्वतःची जागा धरून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज केला. प्रकल्प १२ लाखांचा दाखवला. शेड, फरशी आणि गटार धरून ३ लाख ६० हजार, बाकी मशीन आणि थंडीची सोय. रोजचे २०० पक्षी धरले. तीन महिने कागद गोळा केले. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ना हरकत, तीन कोटेशनं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, उद्यम नोंदणी, सगळं लावलं. फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: परवाना प्रस्तावित क्षमतेशी जुळत नाही.

परवाना माझ्याकडे आहे. अन्न सुरक्षेचा कागद दुकानात काच लावून टांगलेला आहे, दरवर्षी पैसे भरतो. मग जुळत नाही म्हणजे काय? विचारायला गेलो तर तीन टेबलं फिरलो, कोणी धड सांगितलं नाही. इथे कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपा करून सविस्तर सांगा. माझ्यासारखे दहा जण तरी आमच्या तालुक्यात विचारतायत.

तापीमाय, ९ जून

भाऊ, मी बँकेतून निवृत्त झालोय. कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. परवान्याचं दुसरे कोणी सांगतील. मी पैशाचं सांगतो, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच असतो.

या योजनेत अनुदान पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. तुमच्या १२ लाखांवर ४ लाख २० हजार होतात. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत. आधी तुम्ही १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, घालायचे. उरलेले १० लाख ८० हजार बँक कर्ज देते. अनुदान आलं की ते तुमच्या कर्जाशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात बसून राहतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, पण ती रक्कम तुम्हाला काढताही येत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षं खातं चालू राहिलं, युनिट चालू राहिलं, की मग ती कर्जात जमा होते. त्याआधी खातं थकीत झालं तर बँक ते पैसे थकबाकीत वळते करून घेते.

मी असे लोक पाहिलेत की अनुदान येईल म्हणून सावकाराकडून हातउसने घेतले, दोन महिन्यांत फेडू म्हणाले, आणि तिथेच बुडाले. ४ लाख २० हजार तुमचेच आहेत, पण ते मिळणार ३ वर्षं नियमित हप्ते भरल्यावर. हे घरात सगळ्यांना आधी समजावून सांगा, मगच सही करा.

आणि खेळत्या भांडवलावर अनुदान नाही. रोज पक्षी घ्यायला पैसा लागेल. हॉटेलवाले पंधरा दिवसांनी देतात, फार्मवाला गाडी भरतानाच मागतो. कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या खरेदीला लागेल तसं उचलायचं कर्ज, वेगळं मागून ठेवा.

डॉ. सातपुडा, १० जून

पशुवैद्यक आहे. बोरीकाठ, तुमच्या काचेतला कागद एकदा खाली काढून वाचा. त्यावर नोंदणी लिहिलंय की राज्य परवाना?

माझा अंदाज आहे की ती नोंदणी आहे. कापण्याच्या धंद्यात नोंदणी चालते ती रोजच्या ५० कोंबड्यांपर्यंत. त्यापुढे १,००० पक्ष्यांपर्यंत राज्य परवाना लागतो, त्याच्याही वर केंद्राचा. तुम्ही अहवालात रोजचे २०० लिहिलेत, मग नोंदणीचा कागद त्याला पुरणार कसा? खरं तर आजचे तुमचे साठ-सत्तरही त्यात बसत नाहीत. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक सगळी चिकन सेंटरं अशीच चालतात, कारण कोणी नीट सांगतच नाही. पण आता वाढवताय तर आधी राज्य परवान्याला अर्ज करा.

त्यासाठी जागा बघायला येतील. भिंत जमिनीपासून निदान ५ फूट धुता येईल अशी, म्हणजे टाइल्स हव्यात. फरशीला उतार दर ३ मीटरला ५ सेंटिमीटर तरी हवा. दुकानापासून देवस्थान, मशीद, कुठलंही प्रार्थनास्थळ ५० मीटरच्या आत नको, प्रवेशद्वारासमोरच असेल तर १०० मीटर. टेप लावून मोजा, पावलं टाकून नको.

चिंचेच्या ओंडक्याचं लोक तुम्हाला म्हणतील की फेकून द्या, लाकूड चालत नाही. नियमात कठीण, भरीव लाकूड चालतं. फूड ग्रेड प्लॅस्टिकचा ठोकळा जास्त चांगला, पण लाकूड असेल तर चीर नको. तुमच्या ओंडक्याला मधोमध खळगा पडला असेल, कडेने फट असेल, तर त्या फटीत रोजचं रक्त मुरतं आणि रात्रभर कुजतं. बोटाने दाबून बघा. बोटाला ओल लागली तर ओंडका जाऊ द्या.

बोरीकाठ, १० जून

डॉक्टर, आताच कागद काढला. नोंदणीच आहे. सहा वर्षं मी त्याला लायसन्स म्हणतोय.

ओंडक्याला दाबून पाहिलं. ओल लागली. वडिलांनी आणलेला आहे तो.

नवापूरकर, १० जून

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला. त्यानंतर २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा. दोन्ही वेळा शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, चुना, आणि नंतर कित्येक दिवस पहाटे कोंबड्यांचा आवाज नाही. हे ज्याने पाहिलं तो कर्ज काढताना दोनदा विचार करतो. बोरीकाठ, तुमचा धंदा चिकनचा आहे. अशा वेळी शंभर किलोमीटरवर रोग निघाला तरी तुमचं गिऱ्हाईक आठ दिवसांत थांबतं. मांस ७० अंशांवर नीट शिजलं की विषाणू मरतो, हे कितीही सांगा, लोक ऐकत नाहीत. म्हणून कर्जाचा हप्ता बसवताना वर्षातले दोन महिने धंदा शून्य धरा. श्रावण आणि नवरात्र तर दरवर्षीचंच.

दुसरं सांगायचंय ते संधीचं. आमच्याकडे अंड्यांच्या कोंबड्या जास्त. ७२ ते ८० आठवडे झाले की अंडी परवडत नाहीत, मग त्या कल म्हणून विकतात. व्यापारी येतो, भाव तोच ठरवतो. नाही दिल्या तर रोजचं खाद्य डोक्यावर. ब्रॉयलरसारखं मऊ मांस नसतं ते, शिजायला वेळ लागतो, पण खिमा, लोणचं, सुकं चिकन याला चव तिचीच. आमच्या स्टेशनवर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, सुरतचा बाजार हाताशी. इतकी वर्षं आम्ही जिवंत कोंबडी गाडीत भरून देतोय. इथेच कापून, थंड करून, खिमा बांधून पाठवणारी चार छोटी युनिटं उभी राहिली तर कलचा भाव व्यापारी एकटा ठरवणार नाही. अनुदान कुठे जायला हवं असेल तर ते इथे.

भुसावळी, ११ जून

माझं मटणाचं दुकान. मी गेल्या वर्षी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज केला होता. एका एजंटने सांगितलं, ३५ टक्के मिळतात, फॉर्म भरा. पाच हजार घेतले. फॉर्म तिथल्या तिथे नामंजूर, कारण कापलेल्या मांसावरची प्रक्रिया त्या योजनेच्या नकार यादीतच आहे. एजंटला हे माहीत होतं असं मला नंतर कळलं. पाच हजारांपेक्षा जास्त त्रास याचा झाला की वर्ष गेलं. नवीन लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून लिहितोय.

बकऱ्याचं वेगळं दुखणं आहे. शहरात कापायचं ते नगरपालिकेच्या कत्तलखान्यातच. तिथे पाण्याची, टांगायच्या हुकांची सोय कशी असते हे दुकानदारांना विचारा. माझं दुकान मी कितीही चकाचक केलं तरी माल तिथूनच येतो. आम्हाला वैयक्तिक अनुदानापेक्षा तो एक कत्तलखाना नीट झाला तर जास्त फायदा.

वाटाड्या, ११ जून

मी या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्जदारांना मदत करण्याचं काम करतो. भुसावळी दादांना आलेला अनुभव फार लोकांना येतो, म्हणून ठळक सांगतो. ही योजना आपल्या राज्यात कृषी विभाग राबवतो. जिल्हा संसाधन व्यक्ती असते, ती प्रकल्प अहवाल करून देते, पोर्टलवर अर्ज भरून देते, बँकेत पाठपुरावा करते. अर्जदाराने तिला एक रुपयाही द्यायचा नसतो. तिचं मानधन योजनेतून मिळतं. तालुका कृषी कार्यालयात जाऊन नाव विचारा.

जळगावला केळी, नंदुरबारला मिरची हे एक जिल्हा एक उत्पादनात, म्हणजे जिल्ह्याला ठरवून दिलेल्या मालात आहेत, म्हणून कोंबडीला मिळणार नाही असं काही कार्यालयांत सांगतात. ते बरोबर नाही. चालू उद्योगाला वाढवायला दुसरं उत्पादनही चालतं. बोरीकाठ भाऊ, तुमचं दुकान चालू आहे याचा पुरावा जितका भक्कम तितकं चांगलं. वीजबिल, खरेदीच्या पावत्या, ढाब्यांची बिलं जोडा.

बांधकामाचा खर्च प्रकल्पाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवलात, ते अगदी बरोबर केलंत. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. योजनेची मुदत मार्च २०२६ पर्यंत आहे, त्यामुळे परवान्याला उशीर करू नका.

भो, ११ जून

दखा भो, बठ्ठं वाचं. मन्हाकडेबी नोंदणीच शे. उद्याच जास तालुक्याले.

कानबाईची लेक, १३ जून

आम्ही साक्री तालुक्यातल्या अकरा जणी. बचत गटातून चिकनचं आणि सुकटाचं लोणचं करतो. या योजनेत बचत गटाच्या सभासदाला बीज भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत मिळतं, ते उमेदमार्फत, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्याच्या अभियानामार्फत आलं. आमच्या गटात चार जणींना मिळालं. त्यात आम्ही दोन मोठ्या कढया, वजनकाटा आणि बाटलीचं झाकण लावायचं हातमशीन घेतलं.

बोरीकाठ दादा, तुम्हाला एक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या पैशांचा विचार मशीनवर केला. माल परत आला तो मात्र ओलाव्यामुळे. चिकन धुऊन नुसतं निथळायचो आणि तळायचो. वरून कोरडं दिसायचं, आत पाणी राहायचं. वीस दिवसांत बाटलीत तेलाखाली पांढरट रेघ दिसायला लागली. एकशे चाळीस बाटल्या आम्ही खड्डा करून पुरल्या. माझी सासू त्या दिवशी जेवली नाही. मग कृषी विज्ञान केंद्रात दोन दिवस बसून शिकलो. आता फोडी बोटाच्या पेराएवढ्याच, दोनदा तळायच्या, पहिल्या तळणीनंतर पंख्याखाली पूर्ण गार करायच्या आणि फोड मोडून बघायची. मधला धागा ओला दिसला तर परत कढईत. लिंबाचा रस नंतर. प्रत्येक घाण्यातली एक बाटली आम्ही तारीख टाकून फळीवर ठेवतो, ती विकत नाही. गिऱ्हाईकाची तक्रार आली की आधी ती उघडतो.

नवापूरकर भाऊ, कलचं म्हणता ते शंभर टक्के खरं. लोणच्याला ब्रॉयलर फुटतो, कलची फोड अखंड राहते. तुम्ही साफ करून, फोडी करून, थंड पेटीत द्याल तर आम्ही आठवड्याला पन्नास किलो घेऊ. आता आम्ही जिवंत आणतो आणि कापायला दुसरीकडे देतो, त्यात आमचा पूर्ण दिवस जातो.

नवापूरकर, १३ जून

ताई, निरोप धाडला आहे. पन्नास किलो हा आकडा छोटा समजू नका. असे सहा गट जोडले तर युनिटचा निम्मा हप्ता तिथेच निघतो.

डॉ. सातपुडा, १४ जून

ताईंचं लिहिणं मी आमच्या दवाखान्याच्या फळ्यावर लावणार आहे. अगदी हेच सगळ्यांना सांगायचं असतं. पैसे आधी कुठे घालायचे? माझं मत ठाम आहे: गटार, थंडी, मग मशीन.

कारण सांगतो. पक्षी कापला की आतली उष्णता ३९-४० अंशांच्या आसपास असते. ती लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत उतरवायची. डीप फ्रीजमध्ये गरम पक्षी एकावर एक कोंबले तर बाहेरचे गोठतात आणि मधले तासन्‌तास कोमट राहतात. हॉटेलचा माल दुपारी वास मारतो तो इथे. बर्फाच्या पाण्याची स्टीलची टाकी आधी, फ्रीज नंतर. पिसं काढायला पाणी ५५ ते ६० अंश पुरतं. आपल्याकडे उकळतं वापरतात, त्याने कातडी शिजते आणि मशीनच्या रबरी बोटांत फाटते. तीनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या. तो अनुदानाशिवाय परवडतो.

गटाराचं म्हणाल तर रक्त वेगळं धरा. रक्त सरळ पाण्यात सोडलं की वास येतो, शेजारी तक्रार करतात, आणि मग ग्रामपंचायतीची ना हरकत दुसऱ्या वर्षी मिळत नाही. पिसं आणि आतडी मासेवाल्यांना देऊ नका. कोण नेतो हे सगळ्यांना माहीत आहे. ती थाई मांगूरच्या तळ्यात जातात आणि तो मासा पाळायलाच बंदी आहे. खोल खड्डा, चुना, झाकण, आणि विहिरीपासून लांब.

तापीमाय, १४ जून

डॉक्टरांच्या मताला माझी पुरवणी. मोठा विचार असेल, नवापूरसारखा, तर पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी बघा. त्यात मांसप्रक्रिया बसते, चालू युनिट वाढवणंही बसतं. प्रकल्पाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि व्याजात ३ टक्के सूट, ८ वर्षांपर्यंत. पहिली २ वर्षं मुद्दल भरायचं नाही. याला लोक अनुदान म्हणतात, पण ही व्याजातली सूट आहे. १० लाख ८० हजारांवर पहिल्या वर्षी ती ३२ हजारांच्या आसपास होते. बोरीकाठ यांच्या आकाराला सूक्ष्म योजनाच बरी. ५०-६० लाखांच्या कामाला हा निधी.

आदिवासी बांधवांच्या जमिनीवर तारण करताना बँका हात आखडतात, हे मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. नवापूर, साक्रीकडच्या तरुणांनी तारण नसलेल्या कर्जाची हमी योजना लावा म्हणून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारलं तर तोंडी नाही मिळतं.

भुसावळी, १६ जून

तापीमाय काका, हे पोच घ्यायचं कुणी आधी सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं. आम्ही दुकानदारांनी मिळून नगरपालिकेला कत्तलखान्याबद्दल लेखी पत्र दिलं आज. तेवीस सह्या. पोच घेतली.

बोरीकाठ, २४ ऑगस्ट २०२५

बरेच दिवसांनी लिहितोय. श्रावण काल संपला, आज पहिला रविवार, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आता रात्री अकराला बसलोय.

राज्य परवाना मिळाला. पाहणीला आलेल्या मॅडमनी दोन गोष्टी काढल्या. टाइल्स चार फुटांवर थांबवल्या होत्या, त्या पाचवर नेल्या. आणि दाराला आपोआप मिटणारी जाळी नव्हती. फरशी मात्र मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधीच उखडून परत टाकली होती. गवंडी म्हणाला, उतार दिला की काउंटर हलेल. मी म्हटलं काउंटरला पाचर लावू, पाणी थांबता कामा नये. रक्ताला वेगळी टाकी केली. श्रावणात धंदा मंद होता, त्यामुळे हे सगळं करता आलं.

वाटाड्या भाऊंनी सांगितलेल्या संसाधन व्यक्तीने अहवाल नव्याने करून दिला. पक्षी २०० ऐवजी १५० धरले. मशीनचा आकडा कमी केला, बर्फाच्या पाण्याची टाकी आणि चिलर वाढवला. प्रकल्प १२ लाखांचाच राहिला. वर्षातले दोन महिने धंदा शून्य धरून हप्ता काढला, नवापूरकर भाऊंनी सांगितलं तसा. तरी बसतो. अर्ज जिल्ह्यातून पुढे गेला, आता बँकेत आहे. एक रुपया कुणाला दिला नाही.

ओंडका वडिलांनी स्वतः उचलून मागच्या चिंचेखाली नेऊन ठेवला. रोज संध्याकाळी त्यावर बसतात. कापायला आता पांढरा ठोकळा आहे.

मंगळवारी बँकेचे साहेब जागा बघायला येतायत. आज गर्दी संपल्यावर धाकट्याने आणि मी नळीत पाणी भरून उतार पुन्हा मोजला. तीन मीटरला सहा सेंटिमीटर भरतो.